लुसाकाला निघताना चांदी म्हशीची संमती

(एप्रिल १९७६. कोल्हापुरातील एका कन्याशाळेच्या निरोप समारंभात विज्ञान शिक्षिकेने सत्काराला दिलेले उत्तर.)

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय हंबीरराव साहेब, आमच्या मुख्याध्यापिका आदरणीय कालिंदीबाई, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय सभासद, माझे सहकारी, दुधाच्या गाडीत बसून गडमुडशिंगीहून आलेली माझी माणसं, आणि माझ्या मुलींनो,

आतापर्यंतच्या वक्त्यांनी केलेलं वर्णन ऐकून, ही बाई कोण, असा प्रश्न मलाच पडला. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे खरं. आफ्रिकेतल्या झांबिया देशात, लुसाका शहरात तीन वर्षं विज्ञान शिकवायला चालले आहे, हेही खरं. आपल्यानंतर सतरा वर्षांनी स्वतंत्र झालेला तो देश. तिथे मुलं शिकायला उत्सुक आहेत आणि शिक्षक कमी आहेत. आपण शिकलेलं त्यांच्या उपयोगी पडावं, एवढीच माझी इच्छा.

कालिंदीबाईंनी बजावलंय, "नुसते आभार मानू नकोस, मुलींना उपयोगी पडेल असं काही सांग." म्हणून सांगते. पासपोर्टचा अर्ज सहा महिने आधी करा. चौकशीला पोलीस घरी येतो, त्याची गावाला आधी कल्पना द्या. आमच्याकडे तो आला तेव्हा निम्मं गाव दारात जमलं, आणि माझे वडील, आबा, हात जोडून सांगत होते, "पोरीनं काय केलं न्हाय वो सायेब, निस्ती शिकली!"

देवीची लस टोचून घ्या, पिवळ्या तापाची घ्या, दोन्हींचे दाखले पासपोर्टजवळच ठेवा. विमानात वीस किलोच सामान चालतं. माझ्या मामांनी प्रेमाने गुळाची अख्खी ढेप आणली; ती एकटीच तीस किलो भरली. आफ्रिका म्हणजे नुसतं ऊन, असं समजू नका; लुसाकात जून-जुलैला स्वेटर लागतो, असं तिथल्या एका मराठी बाईंनी कळवलंय. आणि पत्र पोचायला पंधरा-वीस दिवस लागतात, हे घरच्यांना निघण्याआधी समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात आई जेवण सोडेल.

ही सगळी यादी मी नीट केली होती. एकच गोष्ट राहिली. मी गेल्यावर माझं काम कोण करणार?

मुलींनो, तुमच्या बाई सकाळच्या गाडीने शाळेत येतात, त्याआधी चांदी नावाच्या म्हशीची धार काढून येतात, हे तुम्हाला माहीत नसेल. आईच्या बोटांना संधिवात आहे. आणि आमच्या चांदीचं असं, की हाताची सवय लागली की परक्या हाताला ती पान्हा सोडत नाही. माझ्या खालोखाल तिला चालतो तो धाकट्या विमलचा हात. विमल नववीत आहे.

फेब्रुवारीत एकदा जेवताना आई म्हणाली, "इमलला आता घरीच ठिवू की. धारंचं कोण बघणार?"

आबा म्हणाले, "व्हय. एक शिकली, इमानात बसली. बास झालं की."

सांगा, त्यांना दोष कसा द्यायचा? मला कॉलेजात घातलं ते याच दोघांनी, आणि ते याच दुधावर. पण दुसऱ्यांची मुलं शिकवायला मी समुद्र ओलांडायचा आणि माझ्या बहिणीने शाळा सोडून गोठ्यात बसायचं? मी लुसाकाच्या शाळेला नकाराचं पत्र लिहायला घेतलं.

ते माझ्या धाकट्या भावाने, बाळासोने पाहिलं. बाळासो तालमीत जातो. धारेला बसणं हे आजवर त्याच्या लेखी बहिणींचं काम. तो म्हणाला, "आक्के, ते पत्र ऱ्हाऊ दे. तुझं जुनं पातळ दे."

म्हैस माणसाला वासाने ओळखते. लंगोटावर माझं पातळ गुंडाळून आमचा पैलवान बादली घेऊन बसला. चांदीने मान वळवून एकदा बघितलं आणि बादली लाथाडली. आबा दारातून ओरडले, "आरं, पदर घे की डोक्यावर!" आई कितीतरी दिवसांनी हसली.

अध्यक्ष महाराज, हे व्यासपीठावर सांगायची परवानगी मी बाळासोकडून घेतली आहे. "सांग," म्हणाला, "फकस्त पातळाचा रंग सांगू नगो." त्याचे वस्ताद आण्णा समोरच बसले आहेत. आण्णा, रंग मी सांगणार नाही.

दोन आठवडे त्याच्या हातावर माझा हात होता. मग मी नुसती शेजारी बसू लागले, मग गोठ्याच्या दाराशी उभी राहू लागले. दूध निम्मंच यायचं आणि आबा मान हलवायचे. शेवटी गेल्या रविवारी मी मुद्दाम शाहूपुरीत मैत्रिणीकडे मुक्काम केला. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी फाटकाबाहेर सायकलवरून "आक्के, पान्हा सोडला! पाच लिटर!" असं ओरडणारा आणि शिपायाने हाकललेला दांडगा माणूस तुम्ही सगळ्यांनी पाहिलात. तो माझा भाऊ. आता पातळ तो नुसतं खांद्यावर टाकतो.

त्या संध्याकाळी आबा विमलला म्हणाले, "म्होरल्या साली वह्या किती लागत्यात, ते आत्ताच सांगून ठिव."

मुलींनो, परदेशी जाताना बरोबर काय न्यायचं ते तुम्हाला सगळे सांगतील. आपल्या जागी घरात कोण उभं राहणार, हे मात्र तुम्हीच विचारा. आणि घरातल्या कुणी दादांनी ऐकलं, तर त्यांनीही थोडं विचारात घ्यावं.

विमल आज इथे आलेली नाही. मीच येऊ दिलं नाही. तिचा वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर आहे.

संस्थेने आणि तुम्ही सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, गोठ्याचा विषय लांबला असेल, तर आपलीच मुलगी म्हणून पोटात घाला. पेपर सुटायची वेळ झाली आहे. तिची गणितं समोर बसून तपासायला माझ्याकडे आता दहाच दिवस आहेत, म्हणून आपली रजा घेते.