मॉस्को, पेकिंग आणि मैद्याची खळ

...अहो-जाहो! तुम्हाला सांगतो, चक्क अहो-जाहो! मी सुट्टीच्या दिवशी बॉथेलपर्यंत ड्राइव्ह करून शशिकांतकाकांना इथे सिॲटलजवळ बेलव्ह्यूला आमच्या घरी आणलं, माझ्या बायकोनं, निधीनं, सकाळपासून वडे तळले, मी मनातल्या मनात दोन म्हाताऱ्यांना गळ्यात गळे घालून रडताना बघूनसुद्धा घेतलं... आणि आमचे बाबा दारात काय म्हणाले? ‘या, बसावं. प्रवास ठीक झाला ना आपला?’ आपला! ज्या माणसाबरोबर परळच्या एका खोलीत, एका चटईवर तरुणपण काढलं, त्याला ‘आपला’! आणि काका? काका म्हणाले, ‘हो, आपल्या कृपेनं.’ कृपेनं! दोघंही नास्तिक आहेत हो!

त्याचं असं झालं, की आई गेल्यावर मी बाबांना इकडे घेऊन आलो. घर मोठं, खोली स्वतंत्र, खिडकीबाहेर झाडंच झाडं. बाबा त्या खिडकीत बसायचे आणि विचारायचे, ‘यतीन, इथली माणसं कुठं गेली रे?’ आता काय सांगणार? माणसं गाडीत असतात बाबा, एका गराजमधून निघतात आणि दुसऱ्या गराजमध्ये शिरतात. मग म्हणायचे, ‘माझं तिकीट काढ. बोलायला कुणी नाही इथं.’ रोज! मला त्यांना पाठवायचं नव्हतं हो. पंच्याऐंशीचा माणूस, तिकडे घरात एकटा... आणि खरं सांगू? संध्याकाळी दार उघडल्यावर ‘आलास का गाढवा’ म्हणणारं मला या देशात दुसरं आहे कोण?

अशात ऑफिसातला केदार म्हणतो, यार, माझे बाबा पण आलेत, ते पण लाल बावट्यावाले, परळचे, शशिकांत. शशिकांत! म्हणजे बाबांचा शशा! दोघं मिळून गिरणगावच्या भिंतींवर पोस्टरं लावायचे. बाबा ब्रशानं खळ फासायचे, शशा वर पोस्टर चिकटवायचा. मग चौसष्ट साली पक्ष फुटला. बाबा मॉस्कोकडे, शशा पेकिंगकडे. आणि खोली सोडताना शशानं ब्रश नेला, खळीचा डबा बाबांकडे राहिला. आता ब्रशाशिवाय डबा काय कामाचा? आणि डब्याशिवाय ब्रश? पण नाही! तत्त्व!

तर आमच्या लेकीला, रुहीला, शाळेत शीतयुद्ध शिकवतायत. तिनं त्या दिवशी जेवताना विचारलं, ‘आजोबा, रशिया आणि चायना दोघं कम्युनिस्ट ना? देन व्हाय डिड दे ब्रेक अप?’ झालं! वडे राहिले ताटात. काका म्हणाले, ‘बाळ, स्टॅलिन गेल्यावर ख्रुश्चेवनं त्याच्यावर भर अधिवेशनात टीका केली, आणि आम्हाला आधी विचारलंसुद्धा नाही.’ आम्हाला! म्हणजे परळला तार यायला हवी होती! बाबा म्हणाले, ‘विचारायचं काय त्यात? थोरला भाऊ कोण होता?’ ‘थोरला भाऊ! साठ साली चीनमधून सगळे इंजिनिअर परत बोलावलेत आपण, कारखाने अर्धवट टाकून, नकाशेसुद्धा गुंडाळून नेलेत!’ ‘आणि आपण ब्रश नेलात तो?’

चटणीसुद्धा कुणी मागेना.

मग काका घसा खाकरून, ‘एकोणसाठ साली अमेरिकेचा पाहुणचार झोडायला कोण आलं होतं, कॉम्रेड?’ बाबा, ‘आणि बहात्तर साली अमेरिकेच्या अध्यक्षाला पेकिंगमध्ये मेजवानी कुणी दिली, कॉम्रेड?’ अहो, हे चाललंय कुठं? बेलव्ह्यूत! दोघांची मुलं एकाच अमेरिकन कंपनीत! मी म्हटलं, मग तुम्हा दोघांत अमेरिकेत आधी कोण आलं? बाबा लगेच, ‘ते मे महिन्यात आले. मी जूनमध्ये.’ घ्या! सिद्धांत जिंकला!

काकांना सोडून आलो आणि म्हटलं, बाबा, निदान आवाज तरी चढला नाही, गोडच बोललात. तर म्हणाले, ‘तुला कळत नाही. मॉस्को आणि पेकिंग एकमेकांचे वाभाडे काढणारी पत्रं लिहायचे ना, त्यांच्या डोक्यावर काय असायचं? प्रिय कॉम्रेड्स! आपला माणूस अहो-जाहो करायला लागला, की समजायचं तुटलं.’ खिडकीकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, ‘चालताना पाय ओढतो रे शशा.’

मग मी आणि केदारनं हट्टच धरला. दर रविवारी काकांना आणायचं, दोघांना फिरायला धाडायचं. जायचे, पण मध्ये एक कॉम्रेड मावेल इतकं अंतर ठेवून! एका रविवारी फिरायला गेले ते तावातावानं परत आले. कोपऱ्यावरच्या खांबावर शेजारच्या मॅगीबाईंनी हरवलेल्या मांजराचं पोस्टर लावलं होतं, ते पावसानं लोंबत होतं. ‘टेपनं लावलंय!’ बाबा म्हणाले. ‘टेपनं!’ काका म्हणाले. साठ वर्षांत पहिल्यांदा एकमत! मी उठेपर्यंत निधीच्या नॉनस्टिक पातेल्यात मैदा शिजायला लागला होता. बाबा निधीला म्हणतात, ‘मोरचूद आहे का गं घरात? खळीत घातलं की कागदाला कसर लागत नाही.’ मोरचूद! अमेरिकेत! शेवटी केकवर बटर लावायचा ब्रश घेऊन दोघं भिजत निघाले, मागे मी छत्री घेऊन. आणि त्या खांबापाशी, तुम्हाला सांगतो, बाबा ओरडले, ‘अरे शशा, वरचा कोपरा धर, गाढवा!’ आणि काका, ‘तू आधी खळ नीट फास, मन्या! तेव्हाही पातळच करायचास!’ गाढवा! मन्या! मी छत्रीखाली उभा राहून रडलो हो. म्हटलं जमलं, आता बाबा राहणार.

घरी येऊन दोघं एका सोफ्यावर बसले आणि बाबा म्हणाले, ‘यतीन, आता दोन तिकिटं काढ. शशाही येतोय. परळजवळ एखादी खोली बघतो.’

काढली दोन तिकिटं. एअरपोर्टवर बाबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘यतीनराव, फार केलंत आमच्यासाठी. आता आपण घरी जावं.’ यतीनराव! मला! पोटच्या पोराला!

मांजर दुसऱ्याच आठवड्यात घरी आलं. पण पोस्टर? महिने झाले, सिॲटलचा पाऊस हरला, पोस्टर निघत नाही. मॅगीबाई रोज विचारतात, ही कसली इंडियन ग्लू? मी खरवडून पाहिलं, गरम पाणी ओतून पाहिलं, शेवटी खांबापाशीच उभं राहून बाबांना फोन लावला. मागून काकांचा आवाज, ‘मन्या, चहा निवतोय!’ बाबा घाईत होते. म्हणाले, ‘ते निघायचं नाही रे, गाढवा!’ आणि फोन ठेवला.

गाढवा म्हणाले हो मला... आता राहू दे म्हटलं ते पोस्टर. मॅगीबाईंना सांगितलं, पुन्हा कधी मांजर हरवलं तर तयार असलेलं बरं.