वायपरची मोटर

तुम्ही सारे मले विचारता ना, अख्ख्या सिहोऱ्याच्या पाण्याच्या मोटरी मी दुरुस्त करते, मग घरच्याच अंबॅसडरचा वायपर इतकी वर्षं अडकत काहून होता? आज ऐकाच.

त्या वायपरची मोटर झिजली होती. चालता चालता थांबायची. डॅशबोर्डच्या खाली एका जागी मूठ मारली की पुन्हा चालायची, अन् ती जागा फक्त मलेच सापडायची. जळक्या मोटरी खोलून खोलून आपल्याच डोक्यानं शिकलेली बाई मी. मोटरीतले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलणं म्हणजे चहा व्हायच्या आत होणारं काम. पण नवऱ्याला म्हटलं की ते म्हणत, "राहू दे. सुधरली त दादा तुले समोर बसू देतीन का?"

दादा म्हणजे माझे भासरे, यांचे मोठे भाऊ. ते गाडीत असले की घरच्या बाईनं मागं बसायचं. पण पावसाळ्यात हे सरळ सांगत, "दादा, तुमी मांगं बसा. वायपर अडला त कोण ठोकंल?" अन् मी नवऱ्याच्या शेजारी, थेट तुमसरपर्यंत.

दोघंही भाऊ गेले. यंदा मुलगा फारच मागे लागला, म्हणून मोटर खोलली. कार्बन बदलले, वायपर सरसर चालायला लागला. परवा पावसात तुमसरला निघालो. समोर मीच. मागं बस म्हणणारं आता कोणी नाही. पुलाजवळ मी डॅशबोर्डखाली एक मूठ मारली.

"आई, कायले मारून राहिली? चालून राहिला ना तो."

म्हटलं, "चालून राहिला, म्हणूनच त मारली."