लगीनघरी गेलेला मेसेज

सांगलीच्या दवाखान्यात लशीसाठी बसले होते. बाळ झोपलेलं, तरी माझा हात त्याच्या कपाळावरच. शेजारी हळदी-कुंकवाच्या दुकानवाल्या अनसूयाकाकू पुतण्याला झापत होत्या.

"अनीश, तुझं ॲप गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर देतंय म्हणालास."

"आवं काकू, देतंय की."

"नवरीच्या आईला लिवलंय, कुंकू संपलं!"

"माल नव्हता, म्हणून."

"लगीनघरी असं बोलत्यात व्हय रं? कुंकू वाढलं म्हणायचं."

"आत्ता बदलतो. पण ॲप काढू नका. ह्याच्यापायी नोकरी सोडलीय, अन् गिऱ्हाईक तुमीच एकट्या."

"काढत न्हाई. पर त्याला शिकव, लगीनघरचा मेसेज आला की गप बसायचं अन् काकूला हाक मारायची."