मीटर लाखाच्या आत ठेवा!

नाही, मला एक सांगा, स्वतःच्या दारात स्वतःची पिकअप उभी असताना, टाकीत डिझेल, चाकांत हवा, खिशात किल्ली... असं सगळं असताना माणसाने पाच फुटी आरसा पाठीला बांधून भर उन्हात चालत जावं का? जावं का? मी गेलोय! एकदा नाही, सात वेळा गेलोय! आणि लोक कसे हो? एक जण म्हणाला नाही की काका, एका बाजूने धरू का? उलट सिग्नलला थांबलो तर मागे एक बाबा उभा राहून केस विंचरतोय! म्हटलं, अहो, काय चाललंय? तर म्हणतो, 'हलू नका काका, भांग वाकडा येतोय!' शी! किळस आली हो मला माणसांची!

तुम्ही म्हणाल, गाडी बिघडली असेल. अहो, बिघडली असती तर सुटलो असतो! गाडी ठणठणीत. बिघडले ते आमच्या घरचे. कारण काय? तर भाव चढलाय ना!

तुम्हाला सांगतो, मी काच बसवणारा माणूस. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. बारा वर्षांपूर्वी ही पिकअप घेतली. मागे लाकडी घोडा ठोकून घेतला, त्याला जुनी घोंगडी गुंडाळली, काच उभी टेकवायची, दोरी आवळायची, निघायचं. काच आडवी न्यायची नसते, हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. आणि गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसलेले. मिस्त्री दर वर्षी म्हणायचा, 'बदलून टाका.' म्हटलं, हात लावलास तर याद राख! त्या बसलेल्या पाट्यांवर काच कशी जायची माहितीये? झोपलेलं पोर कडेवरून नेल्यासारखी. बारा वर्षांत गाडीत एक काच फुटली नाही. एक! बसवताना फुटल्या, गिऱ्हाइकांनी फोडल्या, ते वेगळं.

तर एके दिवशी कंपनीने जाहीर केलं, हे मॉडेल यापुढे बनवणार नाही. बंद! मला वाटलं, संपलं. आता हिला कुत्रं विचारणार नाही. तोंड पाडून चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात जावयाचा फोन. आमचे जावईबापू विम्याच्या ऑफिसात, माणूस हुशार, तोच तर त्रास आहे. म्हणाले, 'बाबा, अभिनंदन!' म्हटलं, बढती मिळाली का? 'नाही हो बाबा, तुमची गाडी बंद झाली!' आता बोला! गाडी बंद झाली म्हणून अभिनंदन! म्हणाले, 'नवीन गाड्यांत सगळे कॉम्प्युटर असतात, मिस्त्रीला कळत नाहीत. ही तारेने बांधली तरी चालते. लोक शोधत फिरतायत, बाबा! विकू नका. थांबा. भाव चढलाय ना!'

अहो, ही गाडी बनत होती तेव्हा हिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं! शोरूमवाला सांगायचा, 'ही टाकून द्या काका, नवी घ्या,' आणि हिचे देणार किती? चार चपलांचे जोड येतील एवढे! आणि बनवायची थांबवली तर एकदम डोक्यावर घेऊन नाचायला लागले. मग मी म्हणतो, आधी काय डोळे फुटले होते का सगळ्यांचे?

त्याच रविवारी जावईबापू आले. पाणी घेतलं नाही, टेकले नाहीत, थेट गाडीत वाकले आणि आतून किंचाळले, 'बाबा! नव्याण्णव हजार नऊशे!' मला वाटलं, विंचू चावला. 'बाबा, हे मीटर लाखाच्या आत ठेवा! लाखाच्या आत एक भाव, लाख ओलांडलं की धाडकन खाली!' म्हटलं, जावईबापू, गाडीला काय कळतं लाख झाले ते? म्हणाले, 'गाडीला नाही, गिऱ्हाइकाला कळतं.' बारा वर्षं गावातल्या गावात फिरलो, लांबची कामं घेतली नाहीत, त्याची ही शिक्षा! शंभर किलोमीटर उरले. जन्मभराला!

आणि आमची ही! जिने बारा वर्षं त्या गाडीला 'खटारा' याशिवाय दुसरं नाव दिलं नाही, लग्नाकार्याला जी त्यातून यायला तयार नव्हती, ती दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन बाहेर! 'अहो, दारावर कोपर टेकू नका, रंग जातो!' माझ्या सगळ्या अंगाचा रंग गेला, त्याचं कोणाला काही नाही! बाहेर निघालो की दारात उभी. 'कुठे?' म्हटलं, शिंपीणबाईंकडे, आरसा बसवायला. 'जाऊन येऊन किती?' सहा. 'सहा किलोमीटर? एका आरशासाठी? बसने जा.' अगं, बसमध्ये आरसा घेतात का? 'मग चालत जा. डॉक्टरांनी सांगितलंच आहे चालायला. आणि भाव चढलाय ना!'

बरं, ऊन लागून रंग उडतो म्हणून रोज दुपारी गाडी सावलीत न्यायची. चालवायची नाही हं! ढकलायची! मी मागून, ही बाजूने, आणि जावईबापू सुट्टी असली की आत डोकं घालून. 'थांबा! बाबा, आकडा हलला!' अहो, ढकलली तरी मीटर पळतंच! चाक फिरणार, आकडा फिरणार, त्याला काय माहीत इंजिन चालू आहे की सासरा! मग ठरलं, सकाळी पुढे ढकलायची आणि संध्याकाळी मागे, म्हणजे फिटंफाट. दोन आठवडे केलं आम्ही हे. माझी कंबर गेली, मीटर काही मागे आलं नाही.

मग बघायला लोक यायला लागले. एक दाढीवाला आला. तो या असल्या गाड्यांचा शौकीन म्हणे. त्याने काय करावं? सीटला नाक लावून वास घेतला! डोळे मिटून! आणि म्हणाला, 'आहाहा... ओरिजिनल!' अहो, तो माझ्या बारा वर्षांच्या घामाचा वास! वर मागे बघून म्हणतो, 'हा घोडा काढा, कंपनीचा नाही. आणि पाटे सरळ करून घ्या.' मी म्हटलं, मग काच कशी न्यायची? तर माझ्याकडे असं बघतोय, की जणू मी देवळात चप्पल घालून आलोय. 'या गाडीत तुम्ही काच नेता?' म्हटलं, नाही, ही गाडी माझ्यात बसवून मी हिंडतो! घरच्यांनी मात्र घोडा काढलाच. पाटेही नवे घातले. का? भाव चढलाय ना!

मग मी माल न्यायला भाड्याचा टेम्पो धरला. त्याचा ड्रायव्हर, त्याला सगळे भूकंप म्हणतात. का म्हणतात ते पहिल्याच फेरीत कळलं. काच आडवी टाकली! वर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला! आणि निघाला. खड्डा चुकवत नाही हो, तो खड्डा शोधतो! पोचलो तेव्हा मागे काच नव्हती, साखर होती. मला म्हणतो, 'काका, तुमची काच कच्ची आहे.' माझ्या तळपायाची आग मस्तकात! पण करतो काय? दुसरा टेम्पोवाला लांब राहतो.

आता खरं दुःख ऐका. एक बेकरीवाल्या ताई आहेत, पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. दुकानाची पुढची सगळी काच मीच बसवलेली. एक दिवस सकाळीच फोन. 'दादा, काच गेली हो. संध्याकाळपर्यंत बसली नाही तर दुकान उघडं टाकून घरी कशी जाऊ?' म्हटलं, ताई, आलोच. भूकंपला बोलावलं. एक काच फोडली त्याने. दुसरी कापून दिली, ती गल्लीच्या तोंडाशीच फोडली! चार वाजले. ताईंचा परत फोन. चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, 'दादा, होत नसेल तर सांगा, वाईट वाटून घेऊ नका. मी दुसऱ्याला बोलावते.'

दुसऱ्याला! पंचवीस वर्षांत मला कोणी हे म्हटलं नव्हतं. त्या क्षणी ठरवलं, खड्ड्यात गेला भाव! घोडा परत मागे चढवला, घोंगडी गुंडाळली, काच उभी टेकवली, किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू झाली हो! आमची ही धावत बाहेर. 'अहो! अहो, मीटर!' ढकलाढकलीत आणि मिस्त्रीकडच्या खेपांत मीटर किती झालं होतं माहितीये? नव्याण्णव हजार नऊशे त्र्याण्णव! आणि बेकरी जाऊन येऊन बारा किलोमीटर! मी निघालो, मागून ही आणि जावईबापू स्कूटरवर! 'बाबा, थांबा! बाबा, जवळचा रस्ता घ्या!' मी ऐकतोय कशाला? नवे पाटे, कडक, प्रत्येक दगड माझ्या मणक्यात. पण काच? काचेला काय झालं विचारा! काही नाही! आख्खी पोचली! सहा वाजता बसवून दिली, ताईंनी समोरून पाहिली, बाजूने पाहिली आणि म्हणाल्या, 'दादा, तुम्ही आहात म्हणून.' बस्स. मला दुसरं काही नको होतं.

बाहेर येतो तर जावईबापू गाडीपुढे आडवे हात पसरून उभे. 'हलवायची नाही! नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झालेत!' म्हटलं, मग घरी कशी न्यायची? उचलून? तर हो! खरंच उचलून! त्यांनी एक मोठा ट्रक बोलावला, त्यावर माझी पिकअप चढवली, चार बाजूंनी बांधली, आणि ती गेली वरातीसारखी. आम्ही? ती दोघं स्कूटरवर, मी बसने! जन्मभर मी तिच्यावर माल लादला, आता तीच माल झाली. घरी गेलो आणि म्हटलं, विका. उद्याच्या उद्या विका! मला तोंड बघायचं नाही तिचं!

विकली. शहराबाहेर एक शेठ आहेत, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन मांडलंय त्यांनी, त्यांनीच घेतली. भाव काय आला विचारू नका, ही आठवडाभर मला 'अहो' ऐवजी 'अहो ऐका ना' म्हणत होती. त्यातून नवी पिकअप घेतली. शोरूमच्या फाटकातून बाहेर काढली, तेवढ्यात जावईबापू म्हणाले, 'बाबा, हिचा भाव उतरला.' म्हटलं, अहो, अजून मागचं चाक आत आहे! ती नवी काय करते, काच ठेवली की पीं पीं पीं ओरडते. मागे कोणीतरी उभं आहे म्हणते. काच आहे गं बाई, काच!

आणि महिन्याने त्या शेठचा फोन. 'काका, तुम्ही काच बसवता ना? एका गाडीला चारी बाजूंनी काच लावायचीय, लोक हात लावतात.' कुठली गाडी, हे मी विचारलं नाही. कळलं मला. गेलो. बारा मिलिमीटरच्या चार काचा, स्वतः कापल्या, स्वतः बसवल्या, कडा घासल्या, फट एक नाही. आत उभी ती, चकाचक, दिव्याखाली. घोडा नाही, घोंगडी नाही. शेवटची काच बसवायच्या आधी एकदा दारावर कोपर टेकवून उभा राहिलो. रागावायला ही तिथे नव्हती. मग बसवली काच.

परवा रविवारी हीच म्हणाली, बघून येऊ या का हो? गेलो. तिकीट काढलं. हो, तिकीट! गर्दी ही! पुढे गेलो, काचेला हात लावून आत बघत होतो, तर तिथला रखवालदार काठी आपटत आला. 'ओ काका, मागे! काचेवर बोटं उमटतात!' म्हटलं, अरे, ही काच मी बसवलीय. आणि गाडी... गाडी माझी होती. तर तो जांभई देत म्हणतो, 'काका, सकाळपासून तुम्ही चाळिसावे. इथे जो येतो, त्याची होती.'

बाजूला झालो. मागे एक म्हातारे गृहस्थ केव्हाचे टाचा उंचावून बघत होते, डोळे भरलेले. त्यांना पुढे जागा करून दिली. त्यांचीही होती म्हणे!