शिडीसाठी उपाशी

मला वाटलं होतं, डायबिटीसची सापशिडी घेऊन उज्जैनला परतले की फ्रीगंज भागातल्या मराठी मंडळातले काका-काकू खेळता खेळता पथ्य शिकतील. ते शिकले फक्त जिंकायला.

नियम माझाच होता. सकाळी मंडळात मोजलेली शुगर कमी आली की शिडी, जास्त आली की साप. बँकेतून रिटायर झालेले पागेकाका आठवडाभरात सगळ्यांच्या पुढे गेले. मग एक दिवस पटाशी येऊन बसले ते घामानं निथळत. हातातली सोंगटी थरथरत होती.

"काका, काय खाऊन आलात?"

"काही नाही. इन्सुलिन मात्र टाइमावर घेतलं."

मी घाईनं साखरेचं पाणी पुढे केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. "आधी शुगर मोजून आकडा लिहून घे, बेटा. मग पाज."

शेवटी शेजारी बसलेल्या पागेकाकूंनी जबरदस्तीनं पाजलं. थरथर थांबल्यावर मी विचारलं, "असं का केलंत?"

"टार्गेट तूच दिलं होतंस ना. बँकेत आम्ही असंच पूर्ण करायचो."

निघताना काकू हळूच म्हणाल्या, "चार दिवस झाले, धड जेवत नाहीयेत. मी टोकलं नाही. म्हटलं, तू एवढी बाहेरून शिकून आलीस, तूच सांगितलं असशील."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी पटावरचा नियम खोडला आणि नवा लिहिला. शुगर कितीही येवो, खाऊन आलात आणि मोजून घेतलीत, की शिडी. उपाशी आलात, तर साप.