‘आणि’च्या नावाची मूठ

भूमिका : आजी, ओरडू नकोस आधी. प्रोग्राम बरोबर चालला. मी त्याला सांगितलं तेच चुकलं.

नानीबाई : मी कुठं ओरडते? चक्कीवाला ओरडला. सकाळी चक्की धुऊन-पुसून पहिलं दळण आपलं दळून दिलं त्यानं. डबे उतरवता उतरवता म्हने, “नानीबाई, कानबाईच्या नैवेद्याचे रोट करता का सगळ्या असोदे गावाले जेवू घालता?”

भूमिका : किती डबे झाले?

नानीबाई : मोजू नको. देवघरापासून मोरीपर्यंत रांग लागली. आता मले नीट सांग, तुझ्या त्या कॉम्प्युटरनं केलं काय?

भूमिका : ऐक. ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या घरातली नावं पाठवली ना? मी ती एकापुढे एक जोडून एक लांबच लांब ओळ केली. मग प्रोग्रामला सांगितलं, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे ओळ तोड आणि तुकडे मोज. जितके तुकडे, तितकी माणसं, आणि माणशी सव्वा मूठ धान्य देवीच्या रोटांना.

नानीबाई : माणसांचे तुकडे?

भूमिका : नावांचे गं! केळीच्या घडाचं बघ. आपण दांड्यापासून फणी-फणी सुटी करतो की नाही? तसं मला एकेक नाव सुटं करायचं होतं. पण मी सांगितलं, फट दिसली की काप.

नानीबाई : फट तर दोन केळांमधी पण असते.

भूमिका : तेच झालं. फण्या सोडून एकेक केळं सुटं झालं. “विक्रम भाऊ” म्हणजे दोन माणसं. “लखन आणि हितेंद्र” म्हणजे तीन.

नानीबाई : तिसरा कोण?

भूमिका : “आणि”.

नानीबाई : भूमे, मी “आणि”च्या नावाची सव्वा मूठ कानबाईले काढली?

भूमिका : एकच नाही. दर घरातून एक “आणि” आलाय. आपल्या कुळात सगळ्यात जास्त तोच आहे.

नानीबाई : अरे देवा! अजून कोण-कोण हाये?

भूमिका : “बरं”, “हो”, “नक्की”, “पाठवतो”. नूतनकाकूंनी सगळ्यांना “शुभ सकाळ” केलंय.

नानीबाई : म्हंजे दोघं.

भूमिका : दोघं. आणि उखर्डू आबांनी नाव पाठवलंच नाही, सुविचार पाठवला. “आयुष्यात नेहमी हसत राहा.”

नानीबाई : चार.

भूमिका : चार. शिकलीस तू.

नानीबाई : आणि आबा स्वतः?

भूमिका : ते मोजलेच गेले नाहीत.

नानीबाई : घरातला सगळ्यात मोठा माणूस राह्यला, आणि “हसत” जेवायले बसला!

भूमिका : अजून एक आहे, पण तू चिडशील.

नानीबाई : आता काय चिडायचं राह्यलं?

भूमिका : लखनकाका टाइप करताना दोन शब्दांत दोन-दोन, तीन-तीन वेळा जागा सोडतात. अशी ओळ तोडली की मधे रिकामे तुकडे निघतात. त्यात अक्षर नाही, काही नाही. तरी प्रोग्राम ते मोजतो.

नानीबाई : म्हंजे ज्याले नाव नाही, गाव नाही, तो पण आपल्या घरचा?

भूमिका : सव्वा मुठीपुरता. पण आजी, मी “तीनशेच्या वर” म्हटलं तेव्हा तुला शंका कशी नाही आली?

नानीबाई : दरवर्षी मी एकेकाचं नाव घेते आणि मूठ टाकते. कोण पुण्याले गेलं, कोण सुरतेले, कोणाले पोरगं झालं, सगळं तोंडपाठ हाये. यंदा तूच म्हटलं, आजी तुझे गुडघे दुखतात, नावं घेत बसू नको, मी आकडा देते. मले वाटलं, कुळ वाढलं. लोकं पोरं-बाळं कळवत नसतील. हात दुखले पण आनंदानं दुखले. शेजारच्या रत्नाले सांगून आली, कानबाईनं यंदा आमचं घर भरून टाकलं म्हनून. तिनं मले साखर दिली व!

भूमिका : सॉरी आजी. पण एवढं काय त्यात? जेवढे लागतील तेवढे रोट करू. बाकीचं पीठ रत्नाकाकूंना देऊ.

नानीबाई : देवीच्या नावानं दळलेलं पीठ हाये ते. बाहेर जात नाही, माघारी डब्यात जात नाही. रोट करायचे, आपल्या कुळातल्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून माझ्या हातचा एक रोट कधी उरला नाही. अवर्षणात नाही, सासूबाई गेल्या त्या साली नाही.

भूमिका : उद्या जेवायला येणार किती?

नानीबाई : नावं सगळ्यांची, पण तोंडं कुठं हायेत? लखनले सुट्टी नाही. हितेंद्र फोनवरून दर्शन घेईन म्हने. तुझी रोहिणी ताई लग्न होऊन गेली, तिले चालत नाही. तू, मी, आबा, विक्रमचं घर. आबाले तर दात नाहीत.

भूमिका : आजी, एक बोलू?

नानीबाई : नको.

भूमिका : धुळ्याचे शालिग्राम आजोबा आपल्याच कुळातले ना?

नानीबाई : नको म्हटलं ना!

भूमिका : सख्खे दीर तुझे.

नानीबाई : त्यांनी रोट वेगळे केले. मी नाही केले. त्यांची बायको सुंदरी म्हने, एक साल कानबाई धुळ्याले बसू द्या. मी म्हटलं, देवीले यष्टीचा प्रवास झेपत नाही. एवढंच बोलली मी. त्याचं तिनं केवढं केलं! दुसऱ्या साली आपली कानबाई आपल्या घरी बसवली, माझ्याकडं यायचं बंद.

भूमिका : चूल वेगळी झाली, कुळ तर तेच राहिलं.

नानीबाई : मी फोन करणार नाही. आणि नंबर कोणाजवळ हाये?

भूमिका : माझ्याकडे. दर दिवाळीला बोलते मी त्यांच्याशी. लागला बघ.

(भूमिका फोन स्पीकरवर ठेवते.)

सुंदरबाई : हॅलो? कोन बोली राहिनं?

भूमिका : सुंदर आजी, मी भूमिका, असोद्याहून. आजीला बोलायचंय.

सुंदरबाई : कोनती आजी?

नानीबाई : किती आज्या हायेत हिले? मी बोलते.

सुंदरबाई : अक्का! काय झालं? बठ्ठं बरं शे ना?

नानीबाई : सगळं बरं हाये. धुळ्याले राहून बोलणं पण तिकडचं झालं तुझं. हे बघ, काही झालं नाही. यंदा पीठ जरा जास्त झालं.

सुंदरबाई : जास्त? तुमचा अंदाज चुकला?

नानीबाई : माझा नाही, पोरीच्या कॉम्प्युटरचा चुकला. त्यानं नसलेली माणसं मोजली. तर म्हटलं, तुम्ही उद्या सकाळच्या गाडीनं या. खायले माणसं पाह्यजे. दुसरं काही नाही.

सुंदरबाई : तुमचे रोट संपवायले येऊ का मी?

नानीबाई : मग कसाले येशील? देवीले येशील.

सुंदरबाई : आमची पन बसते ना अक्का उद्या. तिले घरात एकटी सोडी येऊ?

नानीबाई : …तिले बी घेऊन ये.

सुंदरबाई : यष्टीत झेपीन का तिले?

नानीबाई : खिडकीजवळ बसव.

सुंदरबाई : हसू नका अक्का.

नानीबाई : मी कुठं हसते? ही पोरगी हसते.

भूमिका : मी नाही!

नानीबाई : तुमचं दळण झालं का?

सुंदरबाई : नाही अजून. आम्ही दोघंच. एवढंसं धान्य नेलं का चक्कीवाला म्हनतो, मावशी, एवढं तर दगडालेच लागी जाईन, हातात काय देऊ? दर साली दुसऱ्या-तिसऱ्या चक्कीवर हिंडस मी. यांना म्हटलं, यंदा रोट राहू द्या.

नानीबाई : शालिग्राम भाऊ काय म्हने?

सुंदरबाई : उठून बाहेर गेले.

नानीबाई : धान्य निवडून ठेवलं हाये ना?

सुंदरबाई : निवडेल शे.

नानीबाई : मग तिथं दळू नको. तसंच घेऊन ये. आपल्या चक्कीवर दळू.

भूमिका : आजी! अजून दळण?

नानीबाई : तू गप बस. सुंदरी, ऐकते ना? पिशवीचं तोंड घट्ट बांध. गाडीत सांडतं.