बारा आठवड्यांची ताकद

व्यायामवाली : हात काढा, काकू! काकांना आत नेलं तरी बटण दाबूनच उभ्या? हात काढा म्हणते ना!

काकू : काढला. थांबली ना मशीन? मग ओरडता कशाला?

व्यायामवाली : ओरडू नको? चालत्या पट्ट्यावरून काका तोंडावर आपटले! आत डॉक्टर टाके घालताहेत. तीनचा वेग एकदम आठ केलात. कमजोर हृदयाचा माणूस, जीव गेला असता त्यांचा!

काकू : तेवढ्यासाठीच केला.

व्यायामवाली : काय बोलताय? बारा आठवडे तुम्हीच धरून आणलंत त्यांना. कालच रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात दिसणारी आतली सूज निम्म्यावर आलीय. नुसत्या गोळ्यांनी नव्हती हटत, व्यायामानं हटली.

काकू : हटणारच. हा काळानिळा सुजलेला दंड बघा माझा.

व्यायामवाली : अगं बाई! हे कशानं?

काकू : तुम्ही घरी दिलेल्या डंबेलनं. दहा-दहा फटक्यांच्या तीन फेऱ्या. मलाच मोजायला लावतो. आकडा चुकला की पहिल्यापासून.

व्यायामवाली : मोजायला जवळ कुणी असू द्या, असं मीच सांगितलं होतं...

काकू : अन् बोलता येईल इतपतच जोर लावा, हेही. अगदी पाळतो हो! मारता मारता माझ्या आईबापाचा उद्धार करतो, दम म्हणून लागत नाही.

व्यायामवाली : आधीपासून मारतात?

काकू : लग्नापासून. दोन दात पाडले, बरगडी मोडली. मग हृदयानं दगा दिला. दोन वर्षं घास तोंडाशी नेताना धाप लागायची त्याला. आंघोळ मी घालायचे, पण त्या दोन वर्षांत सुखानं जेवले मी. बंद करा हा व्यायाम. पाया पडते तुमच्या.

व्यायामवाली : नाही करणार. पेशंट आहे तो माझा. त्याला मारायचं काम माझं नाही आणि तुमचंही नाही. घर सोडा तुम्ही.

काकू : कधीच सोडलं असतं. पण माझ्यामागं मेला म्हणजे? आजारी नवऱ्याला टाकून गेली, म्हणून लोक तोंडात शेण घालतील. आणि लोकांचं जाऊ द्या, आज भान सुटलं माझं, एरवी मलाच झोप लागायची नाही.

व्यायामवाली : ऐका. सहा मिनिटांत चारशे मीटर चालतो तो आता. डंबेल धरणारा हात पातेलंही धरील. तुमच्यावाचून मरणार नाही तो. लेखी देते.

काकू : लेखी?

व्यायामवाली : लेखी. मशीनचं लपवणार नाही, तुमच्या दंडाचंही नाही. पोलिसांना मी कळवते. कुणी आहे का तुमचं?

काकू : धाकटी बहीण. बसनं तासभर.

व्यायामवाली : नर्सला दंड दाखवा, कागद घ्या, आणि मागच्या जिन्यानं निघा.

(अर्ध्या तासानं. काका खाटेवर उठून बसलेत.)

काका : कुठं मेली ती? मुद्दाम दाबलं बटण, डोळ्यांनी बघितलं मी! आज हाडं खिळखिळी करतो तिची. बोलवा, बूट घालायचेत मला.

व्यायामवाली : वाकून बघा.

काका : वाकलं की गुदमरतो मी, ठाऊक आहे तुम्हाला.

व्यायामवाली : बघा तरी.

काका : अरेच्चा! पोचला की हात. धापही नाही! बरं, बोलवा आता तिला. लेस तीच बांधते.

व्यायामवाली : ती बसमध्ये बसली. तुम्ही बांधा.